शनिवार २१ मार्च – ब्लड माउंटन हाइकची सूचना (नीट वाचा)

मंडळी, शनिवारी जॉर्जियातल्या ब्लड माउंटनला जातोय. अटलांटाहून सकाळी ५.३० ला निघायचं म्हणजे निघायचं, कारण नील गॅप या खिंडीतल्या पार्किंगला लवकर जागा उरत नाही. त्यामुळे जवळच्या बायरन रीस ट्रेलच्या पार्किंगलाच ७.३० ला भेटू, तिथे फी आहे, सुटे डॉलर ठेवा आणि गाड्या कमीत कमी आणा.

एक गोष्ट मनापासून सांगतो. आत्ता अपलाचियन ट्रेलचा सगळ्यात गर्दीचा सीझन आहे, जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरापासून मेन राज्यापर्यंत जवळजवळ २२०० मैल चालायला निघालेली माणसं याच वाटेवर असतात आणि नील गॅप म्हणजे त्यांचे पहिले तीस-एकतीस मैल, पाय सोललेले, पाठीवर सगळा संसार. आपण दुपारी घरी जाऊन आंघोळ करणार, ते नाही. म्हणून:

- चढणाऱ्याला आधी वाट द्या.
- माथ्यावरच्या दगडी शेल्टरमध्ये डबे पसरून बसायचं नाही, बाहेर खडकावर भरपूर जागा आहे.
- दहाच्या वर एकत्र चालू नका, दोन ग्रुप करू.
- स्पीकर नको.
- संत्र्याची सालंसुद्धा परत आणायची, तिथे अस्वलं आहेत.

वर पाणी नाही, प्रत्येकी दोन लिटर घ्या. येऊन-जाऊन साधारण साडेचार मैल, चढ दमवतो, वर वारा गार असतो तर जॅकेट हवंच. वाटेवर झाडांवरच्या आधी निळ्या खुणा धरा, मग अपलाचियन ट्रेलच्या पांढऱ्या.

येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत नाव आणि गाडीत किती सीट आहेत ते इथेच टाका.