काकूंच्या पुस्तकाबद्दल

पुणे, रविवार रात्र

प्रिय मंदार,

काकूंच्या पंच्याहत्तरीला त्यांच्या पाककृतींचं पुस्तक छापायचं, ही कल्पना झकास. पण 'कुठलाही बरा फॉन्ट लाव आणि उडवून टाक' हे तुझं वाक्य वाचून चार शब्द सुनवावेसे वाटले. फोनवर तू मधेच तोडतोस, म्हणून पत्र.

वहीचे फोटो पाहिले. पहिल्याच पानावर 'घाऱ्या', पुढे 'पुऱ्या', मग 'खाऱ्या शंकरपाळ्या'. आपल्या 'र'चं हे आडवं अर्धं रूप फॉन्टात धड नसलं किंवा टाइप करणाऱ्याला जमलं नाही, की डोक्यावर रफार चढतो आणि घाऱ्यांच्या 'घार्या' होतात. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेली बाई हे खपवून घेईल का? शिवाय पाकळ्यांचा ल आणि देठाचा श हवा. कित्येक फॉन्टांत हिंदी वळणाची अक्षरं येतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही. मला लागतो. लग्नपत्रिका हातात आली की नवरा-नवरीच्या नावांआधी माझी नजर 'शुभविवाह'मधल्या श वर जाते. बायको आता पत्रिका लपवून ठेवते.

मजकुरासाठी मी 'टायरो देवनागरी मराठी' घेतोय. कॅनडातल्या फाउंड्रीचा, म्हणजे फॉन्ट घडवणाऱ्या कंपनीचा आहे, पण त्यांनी हिंदी, संस्कृत आणि मराठीसाठी वेगवेगळे अवतार काढलेत. एवढी फिकीर आपल्याकडे कितीजण करतात? तो ओळीत लागला की मला 'निर्णयसागर'ची जुनी पानं आठवतात. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये तो छापखाना काढला, त्याआधी पाच वर्षं टाइप ओतण्याचा कारखाना. तेव्हाचा अखंड टाइप म्हणजे काना-मात्रेसकट अक्षराचा एकेक सबंध खिळा (धातूचा ठसा), म्हणून केसमध्ये, म्हणजे खणांच्या पेटीत, खिळ्यांचे ढीग. ते खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांना ते कसं लक्षात राहत असेल, देव जाणे. आपण चार बटणं दाबतो आणि वर कुरकुरतो. शीर्षकांना मुंबईच्या 'एक टाइप'चा 'बलू' लावतो, तो गुटगुटीत आहे, काकूंच्या अनारशांना शोभेल. दोन्ही फॉन्ट फुकट आहेत, तेव्हा खर्चाचं रडगाणं नको.

ओळींमधलं अंतर मात्र मी सैल ठेवणार. 'घट्ट'मधला ट्ट खाली लोंबतो, खालच्या ओळीतली वेलांटी वर झेपावते, आणि दोघांची टक्कर होते. पडद्यावर हे दिसतच नाही. कागदावर प्रूफ काढून भिंगाखाली धरलं की अक्षरांची अंगं एकमेकांत घुसलेली दिसतात आणि माझं जेवण गोड लागत नाही.

आता कागद. चकचकीत आर्ट पेपर अजिबात नको, स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली डोळ्यांत चमकतो आणि पेन्सिलीने काही लिहिता येत नाही. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) नॅचरल शेड मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा पिवळसर कागद घेऊ. एक ए-फोर पान हातावर ठेव, बरोब्बर पाच ग्रॅम भरतं. तो भार बोटांना आवडतो. कव्हरला शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद मिळाला तर बघतो. १९४० पासूनची ती संस्था. तिथं गेलो की मी कामाचं काहीच घेत नाही, नुसते कागद चाचपत बसतो.

कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पुस्तकाच्या कण्याला समांतर हवा, नाहीतर पुस्तक उघडं राहत नाही. कडेची पट्टी ओली करून बघायची, कागद ज्या रेषेभोवती वळतो तो ग्रेन. आणि बांधणी शिलाईचीच. गोंदाने चिकटवलेलं पुस्तक ओट्यावर कुकर ठेवून उघडं धरावं लागतं. सोळा पानांच्या घड्या येतील, म्हणून एकूण पानं सोळाच्या पटीत बसव. शंभर प्रतींसाठी ऑफसेटच्या प्लेटा परवडत नाहीत, डिजिटलच काढू. नाक मुरडून सांगतोय, कारण तिथं ओल्या शाईचा वास नाही.

वहीवरची तेलाचे डाग पडलेली दोन पानं मात्र जशीच्या तशी छापायची आहेत. मोबाइलचे फोटो पाठवू नकोस, ६०० डीपीआयवर स्कॅन कर, आणि डाग साफ करू नकोस. गणपती उठले की इथले सगळे छापखाने दिवाळी अंकांत बुडतात, मग आपल्या शंभर प्रतींना कुणी विचारणार नाही. त्याआधी मजकूर हातात दे.

तुझा,
बाळ्या