वर्गाचा जिना

चि. अभयास,
अनेक आशीर्वाद.

मागच्या आठवड्यात मी चार दिवस पुण्यात होते. तुला कळवलं नाही. शेजारच्या वहिनींना सांगितलं, कुंदाकडे सत्यनारायण आहे. खोटं बोलायला मला आताशा विचारही करावा लागत नाही. तुझ्यामुळे, असं लिहिणार होते, पण त्याचं पुढे सांगते.

दिवाळीत तू पणत्या लावायला बसलास आणि तीन काड्या विझल्या. वारा आहे म्हणालास. वारा नव्हता रे. दुसऱ्या दिवशी मी एएचं, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या त्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचं नाव काढलं, तर म्हणालास, तिथे बेवडे जमून भजनं करतात. मग म्हटलं, आपणच बघून यावं.

यादी सायलीने काढून दिली. एएच्या वेबसाइटवर गावागावाच्या मीटिंगा, वार, वेळ सगळं असतं. तुझ्या खोलीपासून दोन चौकांवर, महापालिकेच्या शाळेत एक भरते. गुरुवारी गेले. दारातच एका गृहस्थांनी हात जोडून थांबवलं. ती 'क्लोज्ड' मीटिंग होती, म्हणजे फक्त पिणाऱ्यांसाठी. मला रडूच फुटलं. त्यांनी आतून खुर्ची आणली, व्हरांड्यात मला बसवलं आणि स्वतः पायरीवर बसले. शनिवारी 'ओपन' असते, घरच्यांनीही यावं, म्हणाले. माझा मुलगा शिकलेला आहे हो, असं मी दोनदा सांगितलं असेन. ते हसले. म्हणाले, ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन नावाच्या गावी सुरू झाली ती दोन पिणाऱ्यांमुळे. एक शेअर बाजारातला, दुसरा चक्क सर्जन. बाजारवाल्याचा धंद्याचा सौदा फिसकटला, हॉटेलात एकटा, समोर बार. प्यावंसं वाटू नये म्हणून त्याने फोन करून करून दुसरा दारुडा शोधला, बोलायला. त्यांच्या मते अजूनही एवढंच चालतं, बाकी सगळं त्यावरचं पॉलिश.

शनिवारी पुन्हा गेले. पहिलीचा वर्ग. मुलांच्या बुटक्या बाकांवर वीस-बावीस मोठे लोक गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. फळ्यावर दोनचा पाढा तसाच. एकेक जण उठायचा, 'मी अमुक, मी एक मद्यपी' म्हणायचा. आडनाव नाही, जात नाही, नोकरी नाही. कोण काय बोललं ते तुला सांगणार नाही, तिथलं तिथेच ठेवायचं असतं. कोणी उपदेश केला नाही. जन्मभर सोडली असंही कोणी म्हणालं नाही. आजचा दिवस प्यायलो नाही, एवढंच. शेवटी उभं राहून एक प्रार्थना म्हटली. देव कोणता ते ज्याचं त्याने बघावं. टाळ नव्हते, अभय.

एक गोष्ट मात्र सांगते. चहा देणारा मुलगा सगळ्यांना कप भरून देत होता. कोपऱ्यात एक नवीन माणूस होता, त्याला अर्धाच दिला आणि काही न बोलता पुढे गेला. त्या माणसाने दोन्ही हातांनी कप धरला. सांडला नाही. मला पणत्या आठवल्या.

डबा फिरला तेव्हा मी पन्नासची नोट काढली, ती त्यांनी परत दिली. फक्त सभासदांचेच पैसे घेतात. फी नाही, रजिस्टर नाही. पिणं थांबवायची इच्छा हवी, बस.

त्या गृहस्थांनी निघताना बजावलं ते नीट वाच. रोज पिणाऱ्याने एका झटक्यात बंद करणं धोक्याचं असतं, फिट येऊ शकते, भ्रम होतो. आधी डॉक्टरला दाखव आणि खरं किती पितोस ते सांग. दाखल व्हायची वेळ आली तर येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहेच. सुनंदा आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलं, पुलं-सुनीताबाईंनी पैसे दिले होते, तुझे बाबा नेहमी सांगायचे. तुला तेव्हाही कंटाळा यायचा.

आता माझं. घरच्यांची वेगळी सभा असते, अल्-अनॉन. रविवारी तिथेही बसून आले. बहुतेक बायकाच. एकीने सांगितलं, ती नवऱ्याच्या ऑफिसात 'ताप आलाय' म्हणून फोन करायची. मी खाली बघत बसले. तुझ्या साहेबांना मी चार वेळा केलाय, माझ्या हिशोबाने. घराचा हप्ता दोनदा भरलाय आणि वहिनींना तुझ्या बढतीचे पेढे दिलेत, जी झालीच नव्हती. दारू मी तुला लावली नाही आणि मला ती सोडवताही येणार नाही, हे मान्य करायला मला एक अख्खी दुपार लागली. यापुढे साहेबांना फोन करणार नाही. हप्ताही नाही. राग येईल तुला, येऊ दे. घराचं दार उघडंच आहे, जेवायला कधीही ये.

शनिवारी संध्याकाळी साडेसातला असते. शाळेच्या मागच्या फाटकाने जा, पुढचं बंद असतं. वर्ग पहिल्या मजल्यावर, डावीकडे शेवटचा. जिन्यातला दिवा लागत नाही, मोबाईलची बॅटरी लाव. तिसरी पायरी फुटलीये.

तुझी,
आई