फेटलिंगच्या (ओतीव भाग घासून साफ करायच्या खात्यातल्या) मामांना, मनापासून

मामा, सा. नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "असू दे रे, त्यात काय" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. तुम्ही त्या दिवशी काय केलंत, ते कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल एमआयडीसीत, जिथं जिथं पोरं जड कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) हलवतात तिथं पोचायला हवं.

कास्टिंग उचलायची क्रेनची साखळी ढिली असताना ती हातानं जागेवर धरायची आम्हा सगळ्यांनाच सवय. क्रेननं ताण घेतला की साखळी आणि कास्टिंग यांच्यामध्ये बोटाएवढीही जागा उरत नाही. कापडी हातमोजा तिथं काय करणार? माझा डावा हात असाच सापडला. तर्जनी चेंगरली आणि मधलं बोट तुटून हातमोज्यातच राहिलं.

सगळे ओरडत होते. कुणी हळद भरा म्हणत होता, कुणी दोरीनं करकचून बांधायला निघाला होता. तुम्ही सगळ्यांना बाजूला केलंत, स्वच्छ कापडाचा बोळा जखमेवर दाबून धरलात आणि माझा हात वर उचलून ठेवलात. सूज चढायच्या आत शेजारच्या बोटातली तांब्याची अंगठी काढलीत. समोरच्या रसवंतीवरून बर्फ आला, तेव्हा एकजण तुटलेलं बोट थेट बर्फात टाकणार होता. तुम्ही त्याचा हात धरलात. बोट ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळलंत, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलंत आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवलीत. बर्फ थेट लागला असता तर पेशी गोठून मेल्या असत्या आणि जोडायला काही उरलं नसतं, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. मधलं बोट जोडलं गेलं. ते आज अर्धंच वाकतं, पण शर्टाचं बटण मी माझं मी लावतो. तर्जनीची दोन पेरं मात्र गेली.

पण मामा, माझ्या घरावर तुमचे खरे उपकार दवाखान्याच्या दारातले आहेत. ठेकेदाराचा माणूस आईला बाजूला घेऊन सांगत होता, "गाडीवरून पडला म्हणा, सगळा खर्च आम्ही बघतो." आई घाबरून हो म्हणणारच होती. तुम्ही सरळ डॉक्टरांसमोर जाऊन उभे राहिलात. "कामावर, साखळीत सापडला," म्हणालात, वेळ आणि खातं सांगितलंत. तेच केसपेपरवर आलं. पुढं अपघाताच्या वहीत नोंद होऊन अहवाल ईएसआयकडे (कामगारांच्या सरकारी विमा योजनेकडे) जाईपर्यंत तुम्ही ऑफिसचा पिच्छा सोडला नाहीत आणि प्रत्येक कागदाची झेरॉक्स आईच्या हातात दिलीत.

तुमची स्वतःची अर्धी करंगळी "घरी पडून" गेल्याची नोंद आहे आणि त्यापायी तुम्हाला एक पैसा मिळाला नाही, हे मला फार नंतर कळलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

ठेकेदाराकडं नवीन लागलेल्या पोराला काय मिळणार, असं मला वाटायचं. पण कामावरच्या दुखापतीला ईएसआयचं संरक्षण पहिल्या दिवसापासून असतं, ठेकेदाराच्या कामगारालाही. हात बरा होईपर्यंत सरासरी पगाराच्या ९० टक्के हिशेबानं पैसे खात्यावर येत राहिले. मग अपंगत्व किती ते ठरवणारं डॉक्टरांचं मेडिकल बोर्ड झालं. कायद्याच्या तक्त्यात अंगठा गेला तर ३० टक्के आणि तर्जनीची दोन पेरं गेली तर ११ टक्के अपंगत्व धरतात. त्या हिशेबानं बसलेली रक्कम मोठी नाही, पण दर महिन्याला येते आणि जन्मभर येणार आहे. दरम्यान ठेकेदार बदलला, मी कारखान्यातलं खातं बदललं, तरी ती थांबली नाही. केसपेपरवर "गाडीवरून पडला" असतं, तर यातलं काहीच नसतं.

तुम्ही मॅनेजरच्या मागं लागून आणवलेली, लोड हात न लावता लांबून धरायची दोरी आता प्रत्येक लोडला बांधली जाते. ताण घ्यायच्या आधी सगळ्यांचे हात दिसले पाहिजेत, मगच क्रेनवाला बटण दाबतो. नवीन पोरगा आला की मी आधी त्याचा ईएसआयचा विमा नंबर निघालाय का ते विचारतो आणि मग बर्फाची गोष्ट सांगतो, तुमचं नाव घेऊन.

आईनं तुमच्यासाठी काकवीची बरणी काढून ठेवली आहे. रविवारी घेऊन येतो. मामींना नमस्कार सांगा.

तुमचा,
मशीनशॉपमधला भाचा