करार पडद्यावर दाखवा: फ्रान्सच्या संस्कृती मंत्र्यांना खुलं पत्र

मा. संस्कृती मंत्री,
फ्रान्स प्रजासत्ताक, पॅरिस

सप्रेम नमस्कार.

मी मूळची नाशिकची. नोकरीसाठी तुलूझला आले, इथेच रुजले, इथलं नागरिकत्व घेतलं. आता शहरालगतच्या एका लहान गावात राहते. या पत्राची फ्रेंच प्रत तुमच्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीत लिहितेय ते माझ्या माणसांनाही हे कळावं म्हणून.

गेल्या हिवाळ्यात मुलांच्या शाळेतल्या व्यायामशाळेचं छप्पर गळायला लागलं. पालकांनी बोलावलं म्हणून एका स्थानिक वाहिनीची तरुण बातमीदार आली. भिंतीला टेकवलेल्या ओल्या गाद्या, जमिनीवरच्या तीन बादल्या, त्यातली एक काठोकाठ भरलेली, हे सगळं तिने नीट टिपलं. माइकची वायर गुंडाळताना हळूच म्हणाली, "लागेलच असं नाही. यंदा पालिकेशी आमचा करार नव्याने व्हायचाय." आठवड्याने बातमी लागली ती त्याच व्यायामशाळेतल्या नव्या गुणफलकाची. तिरंगी पट्टा घातलेले नगराध्यक्ष, फीत, कात्री, टाळ्या. बादल्या कुठेच नव्हत्या. मला त्या मुलीचा राग आला नाही. जिचा हात दगडाखाली आहे तिने काय करावं?

हा दगड कायद्यानेच ठेवलेला आहे. 2004 पासून फ्रान्समधल्या स्थानिक संस्थांना स्वतःची दूरचित्रवाणी सेवा चालवता येते. खासगी स्थानिक वाहिन्यांशीही त्या 'उद्दिष्टं आणि साधनं' असा करार करतात आणि त्यातून वाहिनीला पैसा मिळतो. जाहिराती तुटपुंज्या, प्रेक्षक मोजके. त्यामुळे हा करार म्हणजे कित्येक वाहिन्यांचा श्वास असतो. आणि त्यावर सही कोणाची? ज्याच्या कारभाराची बातमी करायची, त्याचीच.

निवडणुकीच्या आधीचे सहा महिने नगरपालिकेला स्वतःच्या कामाची जाहिरातबाजी करायला तुमचा कायदा मनाई करतो. चांगला कायदा आहे. पण तीच जाहिरात बातमी होऊन आली तर ती ओळखायची कोणी?

तुलूझमध्ये हा प्रश्न नवा नाही. दोमिनिक बोदिस यांनी बैरूतमधून युद्धाचं वार्तांकन केलं, ते टीव्हीवर बातम्या सांगायचे, आणि 1983 मध्ये इथले महापौर झाले. त्यांच्या आधी त्या खुर्चीत त्यांचे वडील होते. 2001 च्या जानेवारीत महापौरपद सोडून ते थेट वाहिन्यांवर देखरेख करणाऱ्या सर्वोच्च परिषदेचे अध्यक्ष झाले. 2003 मध्ये त्यांच्यावर भयंकर आणि खोटे आरोप झाले, तेव्हा त्यांनी त्यांचा इन्कार केला तोही टीएफ1 च्या रात्रीच्या बातम्यांत, म्हणजे त्यांच्याच परिषदेच्या अखत्यारीतल्या वाहिनीवर. पुढे ते पूर्ण निर्दोष ठरले. त्यांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. पण पडदा, पालिका आणि पहारा या तिन्हींतून एकच माणूस गेला आणि पालिकेतून पहाऱ्यावर जाताना मध्ये उसंत अशी नव्हतीच, हे मला आजही खटकतं.

पत्रकाराने निवडणूक लढवू नये, असं मी म्हणणार नाही. आंतेन 2 वर दुपारच्या बातम्या देणारे नोएल मामेर 1989 ते 2017 बेग्लचे महापौर होते. 2004 मध्ये, कायद्याला ते मान्य नसताना, त्यांनी दोन पुरुषांचा विवाह लावला, महिनाभराचं निलंबन सोसलं. विवाह रद्द झाला, तरी मामेर मागे हटले नाहीत. असा माणूस पडद्यावरून पालिकेत आला, हे गावाचं भाग्यच. दार बंद नकोच. दाराला उंबरठा हवा.

1963 मध्ये माहिती मंत्री आलँ पेरफित स्वतः टीव्हीवर येऊन बातम्या यापुढे कशा असतील ते सांगत होते. दोनच वर्षांत ते प्रोव्हँचे महापौर झाले आणि काही काळ दोन्ही पदं सांभाळत राहिले. तो काळ गेला, माहिती मंत्रालयही गेलं. आज आर्कोमच्या, म्हणजे त्या देखरेख परिषदेच्या जागी आलेल्या संस्थेच्या, सदस्याला कोणतंही निवडून आलेलं पद ठेवता येत नाही. 20,000 हून जास्त वस्तीच्या गावातल्या महापौराला मालमत्ता आणि हितसंबंध जाहीर करावे लागतात. मग वाहिनीचा करार तेवढा का झाकलेला?

माझी मागणी साधी आहे. स्थानिक वाहिनीला कोणत्या संस्थेने किती पैसे दिले, ते रोजच्या बातमीपत्राच्या शेवटी पडद्यावर लिहून दाखवावं. निवडणुकीच्या वर्षात करार नव्याने करू नये, आधीचाच पुढे चालू ठेवावा. आणि पालिकेतून वाहिनीत किंवा देखरेखीच्या परिषदेत जाणाऱ्याला काही वर्षांचं अंतर पाळायला लावावं.

आमच्या गावाचा करार मी पालिकेकडे लेखी मागितला होता. महिना उलटून गेला, उत्तर नाही. इथल्या नियमाने गप्प बसणं हाच नकार धरतात, म्हणून आता कागदपत्रं मिळवून देणाऱ्या आयोगाकडे तक्रार केली आहे. त्या अर्जाची प्रत सोबत जोडली आहे. व्यायामशाळेतल्या बादल्यांचा माझ्या फोनवरचा फोटोही.

आपली,
तुलूझजवळच्या एका गावातली मतदार