माकडतापावरचे काम पावसाळ्यातच सुरू व्हायला हवे

महोदय,

काजूचा हंगाम तोंडावर आला की दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत माकडतापाची चर्चा सुरू होते आणि पहिल्या पावसाबरोबर ती थांबते. ज्या गोचिडीमुळे हा ताप येतो, तिचे जीवनचक्र मात्र पावसाळ्यातही चालूच असते. आजाराशी लढायचे असेल, तर तिच्या वर्षभराच्या वेळापत्रकाकडे लक्ष द्यायला हवे, असे मला कळकळीने वाटते.

हे ज्ञान नवीन नाही. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत तापाची साथ आली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्याचा छडा लावला. सुरुवातीला पीतज्वराची शंका होती. पण निघाला तो अगदी वेगळा, गोचिडींमार्फत पसरणारा विषाणू. पुढे याच केंद्रातील कीटकशास्त्रज्ञ पी. के. राजगोपालन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या रानांत वर्षानुवर्षे गोचिडींचा अभ्यास केला. पांढरे फडके पातेऱ्यावरून, म्हणजे गळलेल्या पानांच्या थरावरून, ओढत न्यायचे, त्याला चिकटलेल्या गोचिडी वेचायच्या, त्यांची जात आणि अवस्था ओळखायची आणि महिन्यामागून महिने नोंद ठेवायची, अशी ही चिकाटीची पद्धत आहे. तिच्यात दिपवणारे काही नाही, पण माकडतापाविषयी आज जे खात्रीने सांगता येते, त्यातले बरेचसे अशाच कामातून आलेले आहे.

ते असे. हा विषाणू वाहणारी मुख्य गोचीड पूर्ण वाढल्यावर पावसाळ्यात गाईगुरांवर आणि रानातल्या मोठ्या जनावरांवर जगते. पाऊस ओसरताना तिची पिल्ले बाहेर पडतात आणि उंदीर-घुशी, पक्षी, माकडे यांचे रक्त पितात. त्यापुढच्या अवस्थेतली, जेमतेम तिळाएवढी गोचीड डिसेंबरपासून मेपर्यंत माणसाला चावते. नेमक्या याच महिन्यांत आमच्या बागांतून बायामाणसे पातेऱ्यात बसून काजूची बोंडे वेचत असतात. बाधित माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पडतात आणि तेवढा परिसर धोक्याचा होतो. माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही, हेही इथे सांगितले पाहिजे, कारण या भीतीने रुग्णाच्या घराकडे पाठ फिरवणारे शेजारी मी पाहिले आहेत.

आमचा अनुभव असा, की मेलेले माकड सापडले की धावपळ होते, फवारणी होते, अंगाला लावायचे तेल वाटले जाते. हे सारे आवश्यकच आहे आणि उन्हातान्हात ते करणाऱ्या आशाताई व आरोग्यसेवक यांच्याविषयी मला आदर आहे. पण तोवर गोचिडींची एक पिढी रानात पसरलेली असते. जुलै-ऑगस्टमध्ये गुरांवरच्या गोचिडींचा बंदोबस्त झाला आणि ऑक्टोबरपासून ठरावीक ठिकाणच्या गोचिडी गोळा करून तपासल्या गेल्या, तर कोणत्या वाडीला धोका आहे हे हंगामाच्या आधीच सांगता येईल. जुन्या लसीचा पुरेसा उपयोग होत नसल्याने ती बंद करावी लागली, नव्या लसीवर काम चालू आहे आणि तापावर नेमके औषध नाही. अशा वेळी ही पूर्वसूचनाच सर्वांत मोलाची आहे.

बागायतदारांनीही एक गोष्ट मनावर घ्यायला हवी. दक्षिण कन्नड जिल्ह्यात बेळतंगडी तालुक्यात 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मोठी साथ आली, ती काजू लागवडीसाठी जंगल तोडल्यानंतर. रान मोडून बाग, बागेच्या कडेला झुडपे आणि त्यांत चरणारी गुरे, ही गोचिडीला मानवणारी रचना आपणच उभी करतो. गोव्यातल्या सत्तरीत 2015 साली आणि दोडामार्गात 2016 साली आजार आला, त्या भागांतही काजू, गुरे आणि जंगल एकमेकांना खेटूनच आहेत.

राजगोपालन पुढे पुदुच्चेरीच्या कीटक नियंत्रण संशोधन केंद्राचे संचालक झाले. तिथे हत्तीरोगाच्या डासांविरुद्ध केवळ औषध मारण्यावर न थांबता गटारे, डबकी आणि साचलेले सांडपाणी यांचा बंदोबस्त करण्यावर त्यांनी भर दिला. डेंग्यूच्या बाबतीत आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळण्याची सवय आता घरोघरी रुजते आहे. गोचिडीच्या बाबतीत मात्र तिची पैदास कुठे होते, हे पाहण्याची सवय अजून लागलेली नाही.

म्हणून शासनाला विनंती, की सिंधुदुर्गात बारमाही गोचीड सर्वेक्षण करणारे, कीटकशास्त्रज्ञ आणि पशुवैद्यक असलेले कायमचे पथक नेमावे, वन, पशुसंवर्धन आणि आरोग्य या तिन्ही विभागांच्या नोंदी त्याच्याकडे एकत्र याव्यात आणि गोव्याच्या व कर्नाटकाच्या यंत्रणांशी त्याने थेट संपर्क ठेवावा. गोळा झालेली माहिती दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली, तर बागेत कधी उतरायचे, हे लोकांना स्वतःच ठरवता येईल.

– एक काजू बागायतदार, दोडामार्ग, जि. सिंधुदुर्ग