तिसरा बिंदू

सिडको, नाशिक

चिरंजीव ओंकार यास अनेक उत्तम आशीर्वाद.

या आठवड्यात माझी दुसरी पाळी असल्यामुळे तू शाळेतून येतोस तेव्हा मी अंबडला मशीनवर असतो आणि मी घरी पोहोचतो तेव्हा तू झोपलेला असतोस. म्हणून पूर्वपरीक्षेच्या बीजगणिताच्या उत्तरपत्रिकेविषयी जे बोलायचे होते ते लिहून ठेवतो आहे. ती हातात पडल्यापासून तू "मला आलेख जमतच नाहीत" असे म्हणतोस, असे आईने सांगितले. काल रात्री मी तुझी उत्तरपत्रिका ओळ न् ओळ वाचली आणि तुझे हे म्हणणे मला मान्य नाही.

२एक्स + वाय = ७ आणि एक्स − वाय = २ ही समीकरणे आलेखाने सोडवायची होती. पहिली रेषा तू अचूक काढली आहेस. अक्ष, कोपऱ्यातले प्रमाण, रेषांशेजारी लिहिलेली समीकरणे, सारे नेटके आहे. दुसऱ्या समीकरणात एक्स = ० घेतल्यावर वाय = −२ यायला हवे होते; कोष्टकात तू नुसते २ लिहिलेस. त्यामुळे बिंदू आडव्या अक्षाच्या खाली पडण्याऐवजी वर पडला, रेषेचा कल उलटा झाला आणि छेदनबिंदू (३, १) ऐवजी (५, −३) आला. चूक एवढीच आहे.

रेषेला दोन बिंदू पुरतात हे खरे, पण कोणत्याही दोन बिंदूंतून रेषा जातेच. त्यांतला एक चुकीचा असला तरी ती बिनतक्रार जाते. चूक दाखवतो तो तिसरा बिंदू. तू एक्स = ४ घेतले असतेस तर वाय = २ आले असते आणि (४, २) हा बिंदू तुझ्या रेषेच्या चार सेंटिमीटर वर एकटाच पडलेला तुला तिथल्या तिथे दिसला असता. शिवाय उत्तराचा ताळा दोन्ही समीकरणांत पाहायला हवा. तुझे (५, −३) हे उत्तर पहिल्या समीकरणात घातले तर १० − ३ = ७ असा ताळा अगदी बरोबर बसतो आणि तिथेच फसगत होते. दुसऱ्यात ५ − (−३) म्हणजे ८ येतात, आपल्याला हवे होते २.

आमच्या व्हीएमसी मशीनवर, म्हणजे दिलेल्या आकड्यांप्रमाणे आपोआप होल पाडणाऱ्या यंत्रावर, जॉब (ज्यावर काम करायचे तो धातूचा तुकडा) बांधला की आधी त्याचा शून्य बिंदू ठरवतात. तुझा आरंभबिंदू तोच. तेथून प्रत्येक होलची जागा एक्स आणि वाय अशा दोन आकड्यांत द्यावी लागते. मी नवीन असताना एकदा वायचे उणे चिन्ह घालायचे राहिले आणि होल शून्याच्या दुसऱ्या बाजूला पडले. पहिला नग न तपासता मी पुढचे लावत गेलो आणि सहा जॉब भंगारात गेले. त्या दिवसापासून पहिला जॉब मोजून घेतल्याशिवाय मी दुसरा बांधत नाही. म्हणून तुझ्या कोष्टकातले ते राहिलेले उणे चिन्ह मला लगेच ओळखू आले.

वर्गसमीकरणांच्या शाब्दिक उदाहरणांत मात्र ताळ्याच्या पुढे एक पाऊल जावे लागते. सन १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांचे एक उदाहरण मला फार आवडते. (त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे, तुझी परीक्षा झाली की आपण तेथे जाऊ.) माकडांच्या कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तेवढी माकडे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसले, तर कळप किती? समीकरण सोडवल्यावर ५० आणि ५ अशी दोन उत्तरे मिळतात आणि दोन्हींचा ताळा बसतो. परंतु पाच माकडांचा पाचवा भाग एक, त्यातून तीन वजा कसे करणार? म्हणून भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर सोडून दिले. तूही उत्तर लिहिण्यापूर्वी ते उदाहरणातल्या गोष्टीत ठेवून पाहत जा.

अर्थनियोजन आणि संभाव्यता ही प्रकरणे तुझी पक्की आहेत, त्यांवर आता अधिक वेळ घालवू नकोस. बोर्डाच्या पेपरला ४० गुणांसाठी दोन तास असतात. त्यांतली शेवटची पंधरा मिनिटे नवे काही न लिहिता ताळ्यासाठी ठेव. आलेखाचे उत्तर क्रेमरच्या पद्धतीने, म्हणजे समीकरणांतल्या आकड्यांचे तिरके गुणाकार वजा करून येणाऱ्या निश्चयकांच्या भागाकाराने, कच्च्या कामाच्या जागेत पडताळायला फार वेळ लागत नाही आणि तुझे निश्चयक क्वचितच चुकतात.

तुझ्या टेबलावर आलेख कागद आणि टोक केलेल्या दोन पेन्सिली ठेवल्या आहेत. आज आलेखाची तीनच उदाहरणे सोडव, प्रत्येक रेषेसाठी तीन बिंदू घे आणि कागद तेथेच राहू दे. रात्री आल्यावर मी ते पाहीन.

तुझे बाबा