बाबा, कॉम्प्युटर सांगलीतच घ्या

ऑस्टिन, टेक्सास

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर कॉम्प्युटरचा विषय निघाला की बाबा "बरं बरं" म्हणतात आणि पुढच्या रविवारी तोच प्रश्न पुन्हा विचारतात. म्हणून आता लिहूनच पाठवते. तुमचं म्हणणं, मी इथून चांगला असेंबल करून घ्यावा आणि येताना घेऊन यावा. मी आणणार नाही. कारणं वाचा, मग खुशाल रागवा.

शेजारच्या काकांनी तुम्हाला सांगितलंय की तिकडे सगळं स्वस्त. इथे दुकानात जी किंमत लिहिलेली असते तिच्यात कर धरलेला नसतो. बिल होताना ऑस्टिनमध्ये सव्वाआठ टक्के वर चढतात. पार्सलने पाठवायचा तर कस्टमवाले वस्तूच्या किमतीत वाहतूक आणि विमा मिळवतात आणि त्या बेरजेवर ड्युटी आणि जीएसटी लावतात. सामानातून आणायचा म्हटलं, तर मोठ्या माणसाला एक लॅपटॉप ड्युटी न भरता आणता येतो, डेस्कटॉपला ती सवलत नाही. शिवाय तेवीस किलोच्या बॅगेत दहा किलोचं कॅबिनेट कोंबलं तर आईने सांगितलेल्या वस्तू कुठे ठेवू?

आणि "अमेरिकन माल" म्हणजे तरी काय? मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी, बनवणाऱ्या आसुस, गिगाबाइट, एमएसआय या तिन्ही कंपन्या तैवानच्या. तोच खोका मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो आणि तोच इथे. गंमत म्हणजे गिऱ्हाईक सांगेल तसा कॉम्प्युटर जुळवून द्यायचा धंदा मायकेल डेलने १९८४ साली याच गावात सुरू केला, विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या खोलीतून, हजार डॉलर भांडवलावर.

माझी खरी भीती वेगळी आहे. ऑफिसातल्या एकाने दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याकडून तयार मशीन मागवलं. पडद्यावर चित्र दाखवणारं जड ग्राफिक कार्ड वाटेत हिसके खाऊन निसटलं आणि मदरबोर्डची खाच तोडून गेलं. विक्रेता म्हणाला, आख्खा खोका परत पाठवा. हे एकाच देशात. आपल्याकडे जूनमध्ये वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, गेला, तर तुम्ही तो कुठे पाठवणार? बऱ्याच सुट्या भागांची वॉरंटी जिथे विकले त्या देशापुरतीच असते. देशातला विक्रेता नडला तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्हाला तुमच्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, मग त्याचं दुकान पुण्यात असो की दिल्लीत. टेक्सासच्या दुकानदाराला सांगलीच्या ग्राहक आयोगापुढे कोण उभं करणार? पुण्याहून ऑनलाइन मागवला तर दोन-चार हजार वाचतील हे मान्य. पण मी तिथे नाही. बंद पडल्यावर स्कूटरवरून येऊन कॅबिनेट उघडणारा माणूस गावात हवा, त्याचे जास्तीचे पैसे मी आनंदाने देईन.

आता काय घ्यायचं. तुमचं काम नाट्यसंगीताच्या आणि बैठकींच्या जुन्या कॅसेट उतरवून घ्यायचं, त्याला ग्राफिक कार्ड लागतच नाही. दुकानातला मुलगा रंगीत दिव्यांचे सहा पंखे असलेलं गेमिंग कॅबिनेट दाखवेल. ते घेऊ नका, दिवे तुम्हाला आवडले तरी. तुम्हाला आवाज न करणारं मशीन हवं. प्रोसेसर इंटेलचा आय फाइव्ह चालेल, पण नंबरच्या शेवटी "एफ" नको. एफवाल्यात चित्र दाखवायची सोय आत नसते, ग्राफिक कार्ड वेगळं घ्यावं लागतं, आणि कोटेशन कमी दिसतं ते कधी कधी याच कारणाने. प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच मागा. "ट्रे" म्हणून सुटा विकतात त्याला कंपनी तुमच्याशी थेट बांधील नसते.

रॅम, म्हणजे मेमरी, १६ जीबी पुरे. एकच पट्टी घ्या आणि दुसरी खाच मोकळी ठेवा. रॅमचे भाव ऐकून बाबांना दुकानदार लुटतोय असं वाटेल, पण यात त्याचा दोष नाही. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळला आहे. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रूशियल' हा साध्या गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. भाव उतरायची वाट बघत बसा असंही म्हणवत नाही, कारण तुमच्या जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही आणि विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. बँकेचं काम त्यावर करू नका, हे आईलाही सांगून ठेवते.

तुम्ही रेकॉर्डिंग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला करता. तासाभराच्या कॅसेटला साधारण दोन जीबी लागतात, म्हणजे पाचशे कॅसेटना एक टीबी (हजार जीबी). चार टीबीची हार्ड डिस्क आत बसवा आणि तेवढीच एक बाहेरची घ्या. ती बाहेरची मात्र वरच्या मजल्यावर आत्याच्या कपाटात ठेवायची. २०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. कॅबिनेटही जमिनीवर नको, टेबलावर.

पैसे एसएमपीएसवर वाचवू नका. दुकानदार काटछाट करतो ती तिथेच, कारण झाकण लावल्यावर ते कुणी बघत नाही. आणि कॅसेट डेकवरून रेकॉर्ड करताना जी गुणगुण येते म्हणता ती नव्या कॉम्प्युटरनेही जाईलच असं नाही. आपल्या जुन्या घराच्या सॉकेटमध्ये तिसरी पिन आहे, पण तिच्यामागे अर्थिंग आहे का, हे वायरमनला बोलावून आधी तपासून घ्या.

बिल पक्कंच घ्या, जीएसटी नंबरासकट, आणि प्रत्येक भागाचा सीरियल नंबर बिलावर लिहून मागा. कच्च्या बिलावर दुकानदार थोडे कमी करून देईल, तिथे बाबांचा मोह आवरायचं काम आईचं.

कोटेशन मिळालं की ॲडव्हान्स देण्याआधी फोटो काढून मला पाठवा. तुमची सकाळ असते तेव्हा माझी रात्र असते, पण मी जागी असते.

तुमची,
चिमी